दिवसभर टिक, रात्री टिपके

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात कामाला आहे. व्हाउचर घ्यायचं, लेजरला जुळतंय का बघायचं, हिरव्या पेननं टिक करायची, पुढचं घ्यायचं. भाचा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना प्लेस्टेशन ४ माझ्याकडे टाकून गेला. "आत्या, तू खेळ, नाहीतर नुसता धूळ खात पडेल." बेचाळिसाव्या वर्षी हातात कंट्रोलर आला तो असा. जेवणं आटोपली, सासूबाईंच्या गोळ्या झाल्या, की साडेदहा ते बारा टीव्ही माझा.

पहिला मोठा खेळ असॅसिन्स क्रीड वल्हाला, २०२० चा. नवव्या शतकातलं इंग्लंड, नॉर्वेहून आलेली एव्होर, तिची लांब होडी. पहिले काही दिवस मी नुसती नदीतनं होडी फिरवली. मग नकाशाकडे लक्ष गेलं. सोनेरी टिपके म्हणजे संपत्ती, निळे म्हणजे गूढ, पांढरे म्हणजे जुन्या वस्तू. प्रदेशावर गेलं की किती झाले, किती राहिले, आकडा समोर. झालं! माझ्यातली क्लार्क जागी झाली. खिडकीतनं आत, पेटी उघडली, टिपका गेला. त्या घरात कोण राहत होतं, पेटी कुणाची, काही पत्ता नाही. नव्वद तास झाल्यावर एका रात्री लक्षात आलं, आपण फुकटात ओव्हरटाइम करतोय.

माझी तक्रार खेळ मोठे आहेत ही नाही. काम देऊन वर त्याला करमणूक म्हणतात, ही आहे.

आणि टिपके चांगल्या खेळालाही सुटलेले नाहीत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा विचर ३ (२०१५) घ्या. स्केलिगच्या बेटांभोवती समुद्रात इतकी प्रश्नचिन्हं पेरलीत, की तस्करांच्या पेट्या गोळा करता करता होडीचाच कंटाळा येतो. पण त्याच खेळात वेलेन नावाच्या मुलखाचा बॅरन आहे. दारुडा, बायकोला मारणारा. त्या मारहाणीत तिचा गर्भ गेला, त्यानं तो नीट पुरलाही नाही, आणि त्या पोराचं पिशाच झालं. आता शाप सुटावा म्हणून ते त्यानं स्वतः दोन्ही हातांत घेऊन वाड्यापर्यंत चालायचं. वाटेत भुतं अंगावर येतात, मी तलवार चालवतेय, मधेच ते पोर बिथरतं, त्याला जादूनं शांत करायचं. शेवटी उंबऱ्यापाशी बॅरन त्याला नाव ठेवतो, 'डेआ', आणि 'माझी मुलगी' म्हणून जवळ घेतो. बारसंच की हे! मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि उठून पाणी प्यायले. त्या माणसाची दया करायची की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एल्डन रिंग भाच्यानंच घ्यायला लावला. फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा, २०२२ चा. दार उघडून बाहेर पडलं की समोरच सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार. मला वाटलं, पहिलाच आहे, सोपा असणार. अकरा वेळा मेले. भाच्याला फोन केला तर हसतोय. "आत्या, त्याच्याकडे आत्ता जायचंच नसतं. बाजूनं जा." बाजूनं जा! एवढं मला ऑफिसात कुणी कधी सांगितलं नाही.

इथं मेलं की कमावलेले रून्स, म्हणजे तिथलं चलन, जागेवर पडतात. परत जाऊन उचलायला एकच संधी, वाटेत पुन्हा मेलात तर बुडीत खात्यात. कामांची यादी नाही. मी ऑफिसातली गेल्या वर्षीची डायरी काढली आणि लिहायला लागले: 'मिस्टवूडमध्ये पडक्या भिंतींवर लांडग्याचं ओरडणं. चर्चजवळच्या व्यापाऱ्याला विचारणे.' विचारलं, तर त्यानं चुटकी कशी वाजवायची ते शिकवलं. परत तिथं जाऊन चुटकी वाजवली आणि वरून लांडग्याच्या तोंडाचा एक योद्धा धपकन खाली आला. मी एकटीच टीव्हीसमोर "अगं बाई" म्हणाले. सासूबाई आतून, "काय गं, पाल का?"

पुढं एका अपडेटमध्ये भेटलेल्या माणसांच्या खुणा नकाशावर यायला लागल्या, म्हणे. लोकांना हव्या होत्या. मलाही उपयोग होतोच, खोटं कशाला बोलू. पण त्या लांडग्यावाल्याच्या पानावर मी टिक केली नाही. नुसतं त्याचं नाव, 'ब्लाइड', लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सध्या एल्डन रिंगमधल्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातल्या मार्गिट नावाच्या शत्रूनं अडवलंय. त्याची काठी वर जाते आणि वरच थांबते, मी घाईनं लोळण घेते, मग ती खाली येते. भाचा म्हणतो, वाट बघ. ऑडिटच्या दिवसांत मला वाट बघायला सांगतोय.

परवा मार्गिटनं सात वेळा मारल्यावर गुपचूप वल्हाला लावला. ईस्ट अँग्लियात चार टिपके राहिलेत, सोनेरी. दोन उरकले.