अकरा वेळा चढ-उतार

पुण्यात धनकवडीत आमच्या घरापासून भाजीवालीपर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. परवा आईबरोबर चालत गेले तेव्हा मोजलं. तेवढ्या वाटेत फूटपाथ अकरा वेळा उतरतो आणि अकरा वेळा चढतो. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी गाड्यांसाठी तो कापलाय, आणि पलीकडे पुन्हा उंच पायरी. आई 71 वर्षांची आहे. पायरी आली की ती डावा हात माझ्या खांद्यावर टाकते, उजव्या हातानं निऱ्या उचलते, दम घेते आणि मग पाय टाकते. सहाव्या चढाला म्हणाली, "राहू दे गं, खालूनच जाऊ." खालून, म्हणजे रस्त्याच्या कडेनं, दुचाकींच्या आरशांना कोपर घासत.

याच शहरात बाबा सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलनं जायचे. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली असायच्या.

आमच्या सातारा रस्त्यावर 2006 च्या डिसेंबरात बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेची सेवा, सुरू झाली. त्याच वर्षी केंद्राचं नागरी वाहतूक धोरण आलं होतं. रस्त्यांचा विचार करताना वाहनं नव्हे, माणसं मोजा, असं त्याचं सूत्र. मला ते फार पटलं होतं. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं जातात, तर तिला वेगळी मार्गिका मिळायलाच हवी. पण थांबे रस्त्याच्या मधोमध आले, आणि थांब्यापर्यंत पोचायचं कसं, हे कुणी म्हाताऱ्या माणसाच्या नजरेनं पाहिलंच नाही. बसच्या मार्गिकेत दुचाकी घुसल्या, मोटारी घुसल्या. त्यांना रोज, सातत्यानं अडवायला कुणी उभं राहिलं नाही. आता लोक म्हणतात बीआरटी फसली. मी म्हणते, ती पुरती केलीच नाही. नगर रस्त्यावरची तर उखडूनच टाकली.

पुलांच्या बाबतीत मात्र धीर कधी सुटला नाही. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम चौदा वर्षांत, 2020 मध्ये पाडले आणि तिथं नवा दुमजली पूल उभारायला घेतला. पूल चुकला तर दुसरा पूल बांधायचा. बस चुकली तर बसच नको. 2018 साली पार्किंग धोरण मंजूर झालं होतं. निदान पाच रस्त्यांवर गाडी लावायचे पैसे घ्यायचे, एवढंच. तेवढंही वर्षानुवर्षं झालं नाही. रस्त्यावरची फुकटची जागा हा गाडीवाल्यांचा हक्कच होऊन बसलाय. फूटपाथ मात्र कुणाच्याच हक्काचा नाही. त्यावर विजेची पेटी, टपरी, स्टँडवर लावलेल्या स्कूटर.

चार वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली. हौस म्हणून नाही. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे जायचं, तर बसच्या थांब्यापर्यंत ती पोचू शकत नव्हती. रिक्षावाले जवळचं भाडं घेत नव्हते. अशा किती घरांनी नाइलाजानं गाडी घेतली असेल! आणि रस्त्यावर गाड्या वाढल्या की त्या मोजून पुन्हा नव्या पुलाची गरज दाखवली जाते. माझी गाडीही त्यात मोजली जात असणार, याचा मला त्रास होतो.

सातारा रस्त्याच्या पलीकडे आईची भजनी मंडळातली मैत्रीण राहते. आमच्या गच्चीवरून तिची गॅलरी दिसते, वाळत घातलेली साडीसुद्धा ओळखू येते. पूर्वी आई एकटी जायची. आता सिग्नलचा हिरवा माणूस ती दुभाजकापर्यंत पोचते तोवर लाल होतो, आणि ती तिथंच दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये अडकते. एकदा तशी अडकली आणि घाबरून थरथरत घरी आली. त्यानंतर जाणं बंद. दोघी फोनवर बोलतात.

गेल्या गुरुवारी मी तिला गाडीनं नेलं. पुढे जाऊन वळसा घालून पलीकडे यायला पंचवीस मिनिटं लागली. दोघी तासभर हातात हात घेऊन बसल्या होत्या. निघताना मैत्रीण दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता परत कधी येशील?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.