बॅरल, टिकल्या आणि आमची चौथी

"विज्ञान कोण वापरतं?" असं मी जूनमध्ये चौथीच्या वर्गाला विचारलं. शास्त्रज्ञ, डॉक्टर, इस्रो अशी उत्तरं आली. एक जण म्हणाला, "मोबाईल दुरुस्तीवाले." आपली आई, आपली अव्वा (आजी) किंवा आपली गल्ली विज्ञान वापरते, असं एकाच्याही तोंडून आलं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर आणि आया घरी विड्या वळणाऱ्या. घरी तेलुगू, काही घरांत कन्नड, शाळेत मराठी. परिसर अभ्यास शिकवताना माणसं एकत्र येऊन विज्ञानाच्या मदतीनं अडचणीतून वाट काढतात, हे मुलांपर्यंत पोचवायचं होतं. मी सुरुवात सिद्धेश्वर तलावापासून केली. संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा मुलांच्या अंगात भिनलेली असते, तेव्हा तलावही जवळचा वाटेल असं मला वाटलं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, पुढे १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि आता तिथलं पाणी नळातून सोलापूरपर्यंत येतं, असं सगळं सांगितलं. मुलांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "तलाव कसा झाला?" तर उत्तर आलं, "देवानं केला." मुलांची यात काही चूक नव्हती. शेकडो वर्षांपूर्वीची, पुरी झालेली गोष्ट मी त्यांच्या हातात ठेवली होती. त्यात त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये वर्गातली एक मुलगी डेंग्यूनं आजारी पडली. दहा-बारा दिवसांनी आली ती हातावरची सलाईनची खूण दाखवतच. मधल्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती. डास कुठून आला, यावर वर्गाचं एकमत होतं: गटारातून. मी सांगितलं की डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. कुणाला पटलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी घरच्या बॅरलच्या तळाचं पाणी काचेच्या बरणीत घेऊन गेले. तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं आणि बरणी टेबलावर ठेवली.

सगळी मुलं टेबलाभोवती जमली. पाणी नितळ होतं, पिण्यासारखं. पण नीट पाहिलं की पृष्ठभागाला चिकटून बारीक दोऱ्यांसारखं काहीतरी उलटं लटकलेलं दिसायचं. डोकं खाली, शेपूट वर. शेपटाकडच्या नळीनं अळी हवा घेते. एकानं बरणीवर हात धरला, सावली पडली आणि सगळ्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. "आयो!" म्हणून अख्खा वर्ग मागे सरला. मग प्रत्येकाला सावली पाडून बघायची होती. मी तो तास मोडू दिला. पुढचे चार दिवस रोज सकाळी बरणीपाशी रांग लागायची. अळ्या मोठ्या झाल्या, मग स्वल्पविरामासारखे कोष दिसले आणि एका सोमवारी कापडाच्या आत डास बसलेला होता. पायांवर पांढरे पट्टे. मुलांनी ते मोजायचाही प्रयत्न केला.

तेव्हा २० ऑगस्ट जवळ आला होता, म्हणून रोनाल्ड रॉस या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १८९७ मध्ये त्याच तारखेला सिकंदराबादला रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. आमच्या मुलांना सिकंदराबाद म्हणजे आजोळाला जाताना लागणारं स्टेशन. त्यांचे पूर्वज तेलंगणातूनच सोलापुरात विणकामाला आले. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णानं त्या डासांना स्वतःला चावू दिलं आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळाला, हे ऐकून वर्ग चाट पडला. मलेरियाचा डास वेगळा, डेंग्यूचा वेगळा, हेही सांगितलं. पण मुलांच्या मनात राहिला तो हुसेन खान. "बाई, तो शास्त्रज्ञ नव्हता ना? मग त्याचं नाव कसं काय?" या प्रश्नानं मला जूनपासून हवं असलेलं दार उघडलं.

मग गल्ली मोजायचं ठरलं. शाळेमागच्या एका गल्लीतली २२ घरं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, पालकांना चिठ्ठी पाठवली, गटागटानं मोठ्या माणसासोबत जायचं ठरलं. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, "अळ्या असलेली घरं शोधण्यासाठी मुलं येतील." दुसऱ्याच दिवशी दोन आया शाळेत आल्या. एक म्हणाली, "बाई, आमच्या घरात घाण आहे म्हणायचंय का तुम्हाला? नळ चार-पाच दिवसांनी येतो. साठवू नको तर काय करू?" तिचं अगदी बरोबर होतं. आमच्या भागात नळ आला की कामावरची माणसंही घरी धावतात. बॅरल, घागरी, कळश्या, हौद, जे हाताला लागेल ते भरलं जातं. साठवणं ही तिची चूक नव्हती, ती तिची तजवीज होती. मी चिठ्ठी बदलली. आता मुलं जाऊन विचारणार होती, "तुम्ही पाणी कशात साठवता, किती दिवस? आम्ही बघू का?" तीच आई दाराशी बॅटरी घेऊन उभी राहिली, मुलांना बॅरलमध्ये उजेड दाखवायला.

२२ पैकी ९ घरांत अळ्या सापडल्या. गल्लीचा नकाशा मुलांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढला आणि अळ्या सापडल्या त्या घरावर लाल टिकली चिकटवली. टिकल्यांचं पाकीट एका मुलीनं आईकडून मागून आणलं होतं. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं कॉलऱ्याचे मृत्यू असेच नकाशावर मांडले आणि ते एका पंपाभोवती गोळा झालेले दिसले, ही गोष्ट मी तेव्हा सांगितली. आमच्या टिकल्या मात्र एका जागी गोळा होईनात. गल्लीभर पसरलेल्या. मुलं हिरमुसली. मग एकीनं वहीतल्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि म्हणाली, "घर नका बघू. भांडं बघा." नऊपैकी सात घरांत अळ्या बॅरलमध्ये होत्या. घागरी-कळश्यांमध्ये जवळजवळ नाहीतच.

का? मी गप्प बसले. उत्तर मिळायला दोन दिवस लागले. घागर रोज रिकामी होते, घासली जाते. बॅरल कधीच रिकामं होत नाही. तळाला वीतभर पाणी असतानाच नळ येतो आणि त्यावर नवं पाणी पडतं. "पाण्यावर पाणी," असं एका मुलानं म्हटलं आणि तो शब्द वर्गात रुळला. फळ्यावर संख्यारेषा काढली. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस, नळ चार-पाच दिवसांनी. म्हणजे दर वेळी नळ यायच्या आधी बॅरल तळापर्यंत रिकामं झालं, तर डास तयारच होऊ शकत नाही. हे मुलांनी काढलं, मी फक्त खडू दिला. सरकारी भिंतीवर "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" हे वाक्य मी कितीदा वाचलं होतं. ते असं कधी उलगडलं नव्हतं.

दुसरा उपाय म्हणून कापड बांधायचं ठरलं. तेही आधी तपासू, असं मुलंच म्हणाली. पाण्याच्या दोन बाटल्या अर्ध्या कापल्या, पाणी भरलं, एकीवर कापड बांधलं, दुसरी उघडी, दोन्ही शाळेच्या मोरीमागे सावलीत. आठ दिवसांनी पाहिलं तर दोन्हींत अळ्या! "कापड फेल," असं वर्गानं जाहीर केलं. मलाही क्षणभर काही सुचेना. मी त्यांना एवढंच विचारलं, "त्या बाटल्या कुठून आणल्या?" बांधलेली बाटली आधीपासून मोरीमागेच पडलेली होती, पाणी साचलेली. फक्त उपडी करून घेतली होती. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्यात नव्हे, पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात.

एका मुलाचे वडील मागावर काम करतात. कापडाचे इंचातले धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग त्यांच्याकडे असतं. ते त्यांनी मुलाबरोबर शाळेत पाठवलं. त्या भिंगातून बाटलीची आतली बाजू पाहिली तर पाण्याच्या रेषेवर काळे ठिपके, तिळाहून कितीतरी बारीक. चादर तपासायच्या भिंगाखाली मुलं डासाची अंडी बघत होती. ते वडील नंतर स्वतः आले. मुलांनी बॅरलवर बांधलेला टॉवेल बघून म्हणाले, "हा पाणी पितो, जड होतो, मधे खचतो. मांजरपाट घ्या. आणि नाडी नको, जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवा, सैल पडत नाही." सोलापूरच्या विणकराला कापडाबद्दल कोण सांगणार! ट्यूबच्या पट्ट्या सायकलच्या दुकानातून फुकट मिळाल्या. काथ्यानं घासलेल्या बाटल्या घेऊन प्रयोग पुन्हा लावला. या वेळी उघड्या बाटलीत अळ्या होत्या, बांधलेलीत एकही नाही. दोन्हींतलं पाणी मुलांनी मैदानातल्या कोरड्या मातीवर ओतलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते सावकाश आणि कष्टानं झालं. मुलं घरोघरी जाऊन बोलली, मराठीत आणि तेलुगूत. नळ यायच्या आदल्या दिवशी बॅरलमधलं उरलेलं पाणी धुण्याला वापरायचं, आतली कड काथ्यानं घासायची, मग भरायचं आणि बांधायचं. काही घरांनी लगेच केलं. एका घरात चौथ्यांदा गेल्यावर झालं. कधी नळ सांगितलेल्या दिवशी आलाच नाही आणि बॅरल रिकामं करून बसलेल्या बाईचे हाल झाले. तेव्हापासून मुलांनी सूचना बदलली: एक घागर पिण्याची आणि एक बादली वापरायची बाजूला काढल्याशिवाय बॅरल रिकामं करायचं नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजलं. २२ पैकी ३. वर्ग नाचला. त्या गोंधळात पाठच्या बाकावरचा, फारसं न बोलणारा मुलगा म्हणाला, "पण बाई, पाऊसपण थांबलाय ना. त्यानं कमी झालं असंल." त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर शिकवलं असतं. आम्ही नोंदी काढल्या. टायर आणि करवंट्या पावसावर भरतात, बॅरल नळावर. म्हणून फक्त बॅरलची घरं मोजली: सातावरून एक. तरीही शेजारची गल्ली आम्ही आधी मोजलेलीच नव्हती, त्यामुळे खात्रीनं काय बोलणार? यंदा जुलैतच दोन्ही गल्ल्या मोजायच्या, हे मी वर्गाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरांत सिमेंटचे मोठे हौद आहेत. ते ना रिकामे होत, ना त्यांच्यावर कापड बसत. तिथे आरोग्य खात्याच्या ताईंनी गप्पी मासे सोडले. गप्पी अळ्या खातात हे मुलांनी बरणीत घालून आधी पाहिलं, मगच हौदावर गेली. आठवड्यानं त्यातल्या एका घरची मुलगी धावत आली. हौदात अजून अळ्या आहेत, मासे खातच नाहीत म्हणाली. आम्ही चौघं-पाच जण गेलो. तिची अव्वा हौदाच्या काठाशी बसली होती, मांडीवर विडीचं सूप आणि शेजारी वाटीत भात. माशांना रोज दोन वेळा भात घालत होती, बिचारे उपाशी राहतील म्हणून. मुलीनं तिच्याजवळ उकिडवं बसून, तेलुगूत, अळी आणि मासा यांची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.