तुम्ही विचारलंत म्हणून : सूर्योदयासाठी डोंगर रात्रीच का चढायचा?

सूर्योदय पाहण्याची एवढी हौस आहे, तर आदल्या दिवशी उजेडात वर जाऊन मुक्काम का करत नाही, किंवा घराच्या गच्चीवरूनच तो का पाहत नाही, असे मला नेहमी विचारले जाते. एवढी झोपमोड करून पदरात पडते ते बिंब वर येण्याचे क्षणभराचे दृश्य, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. ते खरे असते, तर मीही गेले नसते. विषुववृत्ताजवळ सूर्यबिंब क्षितिजातून पूर्ण बाहेर पडायला दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ लागतो, आणि थोड्याच वेळात त्याच्याकडे पाहणेही शक्य राहत नाही. रात्रीच्या चढाईचे फळ असते ते त्याआधीच्या तास-सव्वा तासात, आणि ते अंधारातून चालत आलेल्या डोळ्यांनाच पुरते दिसते.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की पूर्वेकडे पहिली फिकट चाहूल लागते आणि अगदी मंद तारे विझू लागतात. तो १२ अंशांवर आला की क्षितिजाची रेघ स्पष्ट होते, आणि ६ अंशांवर आला की पायाखालची वाट दिव्याशिवाय दिसते. दृष्टिपटलातील दंडपेशींना अंधाराशी जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ही कमाई क्षणात घालवतो. त्यामुळे तंबूत दिवा लावून बूट शोधणाऱ्या माणसाला बाहेर आल्यावर आकाश नुसते काळे किंवा नुसते तांबडे दिसते. मधल्या छटा त्याच्या हातून निसटतात. अंधुक तांबड्या दिव्याने हे नुकसान पुष्कळ टळते. शिखराजवळ पोहोचल्यावरही कपाळावरचा पांढरा दिवा चालू ठेवून इतरांच्या तोंडाकडे पाहत गप्पा मारणाऱ्यांबद्दल माझे मत चांगले नाही.

या वेळात सगळे पूर्वेकडे तोंड करून बसतात, ही मात्र मोठी हानी आहे. सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी पश्चिमेकडे वळून पाहिले, तर क्षितिजालगत निळसर करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा ही खुद्द पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली असते, आणि सूर्य जसजसा वर येतो तसतशी ती खाली बुडत जाते. पुढे ऊन शिखरावर पडले की डोंगराची स्वतःची सावली पश्चिमेला लांबवर पसरते. डोंगराचा आकार कसाही असला तरी ही सावली बहुधा त्रिकोणीच दिसते, कारण तिचे दूरचे टोक रेल्वेच्या रुळांसारखे नजरेला निमुळते होत जाते. श्रीलंकेतील श्रीपाद या २२४३ मीटर उंचीच्या शिखरावर यात्रेकरू रात्रीच पायऱ्या चढतात. तेथील ही सावली प्रसिद्ध आहे. गच्चीवरून यातले काही दिसत नाही. शिवाय भोवतालच्या सपाटीपेक्षा दीड हजार मीटर उंचीवर क्षितिज सुमारे एक अंशाने खाली जाते, म्हणून तेथे सूर्य चार-पाच मिनिटे आधी उगवतो.

मुक्कामाला माझा सरसकट विरोध नाही. फार उंच डोंगरांवर तर तोच शहाणपणा आहे. बोर्निओतील किनाबालू हे शिखर ४०९५ मीटर उंच आहे. तेथे वाटेतल्या निवाऱ्यात अर्धी रात्र काढून मग उरलेला चढ चढण्याची पद्धत आहे. जपानमधील ३७७६ मीटर उंचीचा फुजी मात्र अनेक जण न थांबता एका रात्रीत चढू पाहत, आणि विरळ हवा व थंडी यांनी गळून जात. अखेर २०२४ साली तेथील योशिदा मार्गावर, निवाऱ्यात आरक्षण नसलेल्यांना दुपारी ४ ते पहाटे ३ या वेळेत प्रवेश बंद करण्यात आला. मी म्हणते ती रात्रीची चढाई लहान डोंगरांची, तीन-चार तासांत माथा गाठता येईल अशांची.

तेथे सगळे गणित वेळेचे असते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता : दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. अंधारासाठी मी त्यात निदान एक तृतीयांश भर घालते आणि येणारा वेळ सूर्योदयापासून नव्हे, तर सूर्य १२ अंश खाली असतो त्या घटकेपासून मागे मोजते. फार आधी पोहोचणे उशिरा पोहोचण्याइतकेच वाईट. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, दिवसातली सर्वांत कडक थंडी सूर्योदयाच्या सुमारासच असते, आणि घामाने भिजलेल्या कपड्यांवर माथ्यावरचा वारा निर्दयपणे लागतो. वेळेआधी वर आलोच, तर शिखराच्या थोडे खाली आडोशाला थांबावे आणि अंगातला कपडा बदलावा.

चंद्र हवा की नको, यावर मतभेद आहेत. पौर्णिमेला रात्रभर उजेड मिळतो, पण तारे गमवावे लागतात, अमावस्येला उलट. माझी पसंती कृष्णाष्टमीच्या आसपासच्या रात्रींना, कारण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि नेमका चढाच्या वेळी उपयोगी पडतो.

अनोळखी वाटेवर मात्र रात्री जाऊ नये. ती आधी दिवसा चालून झालेली असावी. कपाळावरच्या दिव्याचा प्रकाश नजरेच्याच दिशेने जात असल्याने दगडांच्या सावल्या दगडांमागेच दडतात आणि खाचखळगे सपाट वाटतात. अशा ठिकाणी दिवा हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरला की वाटेचा चढउतार पुन्हा उमटतो. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराची तरतरी सर्वांत कमी असते, त्यामुळे अवघड कातळटप्पा त्या वेळी येणार असेल, तर दुसरा डोंगर निवडावा. उतरण्याची काळजी तर चढण्याहून अधिक घ्यावी लागते : मांड्या थकलेल्या, डोळे जड, आणि आता काय, उजाडलेच आहे, ही बेफिकिरी. मी खाली येण्यापूर्वी माथ्यावर अर्धा तास डुलकी काढते, आणि परतीचे वाहन रात्रभर झोपलेल्या माणसानेच चालवावे, असा आग्रह धरते. असा कोणी सोबत नसेल, तर पायथ्याशी पुरती झोप होईपर्यंत आम्ही निघत नाही.