मागच्या दारी दलदल असेल तर

बॉस्टनच्या आसपासच्या गावांत घर घेतलेल्या मराठी मंडळींची कॉन्झर्वेशन कमिशनशी, म्हणजे गावातल्या पाणथळ जागा राखणाऱ्या समितीशी, गाठ बहुतेक वेळा उशिरा पडते. डेकचा ठेका देऊन झालेला असतो, अनामत भरलेली असते, आणि बिल्डिंग परमिटच्या खिडकीवर प्रश्न येतो, ‘कॉन्झर्वेशनची मंजुरी कुठंय?’ हा क्रम उलटा केला की निम्मा मनस्ताप वाचतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये 351 शहरं आणि गावं आहेत आणि प्रत्येकात असं कमिशन आहे. 1957 च्या कायद्याने गावांना ते नेमायची मुभा मिळाली. तेव्हा मुख्य काम मोकळ्या जमिनी राखणं एवढंच होतं. 1972 मध्ये पाणथळ जागांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि तो गावात राबवायची जबाबदारी याच मंडळींवर आली. सदस्य 3 ते 7, मुदत 3 वर्षं, मानधन शून्य. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सुनावणी असा त्यांचा संसार असतो. पण त्यांचा आदेश सल्ला नसतो, कायदेशीर हुकूम असतो.

सगळं प्रकरण एका रेषेवर उभं असतं, ती म्हणजे पाणथळ जागेची हद्द. तिच्यापासून 100 फुटांच्या पट्ट्यात खोदकाम, भराव, बांधकाम किंवा झाडतोड करायची तर आधी कमिशनकडे जावं लागतं. सर्वात जास्त घोळ इथेच होतो, कारण लोक टेप लावतात ओढ्याच्या पाण्यापासून. हद्द पाण्याची नसते, दलदलीची असते. ऑगस्टमध्ये कोरडीठाक दिसणारी, रेड मेपलच्या झाडांनी भरलेली सखल जागा कायद्याच्या लेखी पूर्ण पाणथळ असू शकते. मग ‘ओढा तर 140 फुटांवर आहे’ या हिशोबाला काही अर्थ उरत नाही.

हद्द ठरते झाडोरा आणि माती बघून. रेड मेपल, विंटरबेरी, हायबुश ब्लूबेरी, सिनॅमन फर्न, स्कंक कॅबेज अशा ओलीत वाढणाऱ्या वनस्पतींचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त असेल तर जागा संशयित. मग हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे मातीचा गिरमिट, घेऊन दीड-दोन फूट माती काढायची आणि ती क्रमाने जमिनीवर मांडायची. वरचा काळपट थर संपल्यावर खाली राखाडी माती आणि तिच्यात गंजासारखे नारिंगी डाग दिसले, तर ती माती दरवर्षी बराच काळ पाण्याखाली असते. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपतो, मातीतलं लोह विरघळून सरकतं आणि जिथे हवा पोचते तिथे पुन्हा गंजून बसतं, त्याचे हे डाग. रंग डोळ्यांच्या अंदाजावर सोडत नाहीत. मन्सेल रंगपुस्तिकेतल्या चौकोनांशी ओलं ढेकूळ ताडून बघतात. क्रोमा, म्हणजे रंगाची तीव्रता, 2 किंवा त्याखाली आला की मामला गंभीर.

तुम्ही नेमलेला पाणथळ जागांचा सल्लागार या हद्दीवर क्रमांक घातलेल्या रंगीत फिती बांधतो, ए-1, ए-2 अशा. सर्व्हेअर त्या नकाशावर घेतो. जाणता सदस्य फितीच्या आत बघत बसत नाही. तो फितीच्या बाहेर, कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या बाजूला चार-पाच फुटांवर ऑगर घालतो. तिथेही राखाडी माती निघाली तर फीत चुकली. कापलेल्या लॉनमध्ये वनस्पती काहीच सांगत नाहीत, तिथे मातीवरच भिस्त. भराव टाकलेला असेल तर तो पूर्ण भेदून मूळ थरापर्यंत जावं लागतं. बर्फाखाली हे काम होत नाही, त्यामुळे डिसेंबरात हद्द आखून घ्यायला जाऊ नका. मोठं काम असेल तर फक्त हद्द मान्य करून घेण्याचा वेगळा अर्ज असतो आणि तो निर्णय 3 वर्षं टिकतो. इंजिनिअरला नकाशे काढायला लावण्याआधी हे करून घेणं केव्हाही स्वस्त पडतं.

बारमाही नदी-ओढा असेल तर बहुतेक गावांत पट्टा 200 फुटांचा होतो, ही 1996 च्या कायद्याची देणगी. सरकारी नकाशावर ओढा बारमाही दाखवलेला असेल तर तो बारमाहीच धरतात. तसा नाही हे सिद्ध करायचं तर दुष्काळ नसताना, 12 महिन्यांच्या काळात किमान 4 दिवस तो वाहत नव्हता याचे तारखेसह पुरावे द्यावे लागतात.

अर्ज दोन प्रकारचे. काम छोटं आणि हद्दीपासून लांब असेल तर ‘हे तुमच्या कक्षेत येतं का’ एवढंच विचारणारा अर्ज, त्यावर 21 दिवसांत निर्णय. मोठ्या कामाला नोटीस ऑफ इंटेंट, म्हणजे काम करायचा इरादा कळवणारा पूर्ण अर्ज. त्यात नकाशे, वर्णन, फी, आणि तुमच्या जागेच्या हद्दीपासून 100 फुटांतल्या शेजाऱ्यांना रीतसर सूचना. अर्ज पूर्ण मिळाल्यापासून 21 दिवसांत सुनावणी सुरू होते, सुनावणी बंद झाल्यापासून 21 दिवसांत ऑर्डर ऑफ कंडिशन्स, म्हणजे अटींचा आदेश, निघते. त्यावर अपिलाची मुदत 10 कामाचे दिवस. ती उलटल्यावर ऑर्डर रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये, म्हणजे मालमत्तेच्या दस्तांच्या नोंदणी कचेरीत, नोंदवायची आणि मगच कुदळ लावायची. याशिवाय बऱ्याच गावांचे स्वतःचे नियम राज्यापेक्षा कडक असतात, हद्दीपासून पहिले 25 फूट हातच लावायचा नाही, असे. म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राचा अनुभव तुमच्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

काम संपलं की सर्टिफिकेट ऑफ कंप्लायन्स, म्हणजे ऑर्डरप्रमाणे काम झाल्याचा दाखला, मागायचं विसरू नका. ते नसेल तर ऑर्डर घराच्या कागदपत्रांवर लटकत राहते आणि वीस वर्षांनी घर विकताना खरेदीदाराचा वकील ती शोधून काढतो. घर घेतानाही हा प्रश्न आधीच विचारावा.

प्रत्यक्ष जागेवर सर्वात जास्त बिघडते ती सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारं काळं कापड. ते नुसतं खुंट्यांवर ताणून उपयोग नाही. खालचा पदर 6 इंच चरात पुरून वर माती दाबावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी खालून वाट काढतं आणि कापड दिमाखात उभं राहून काहीच अडवत नाही. खुंट्या उताराच्या खालच्या अंगाला, कापडाची ओळ समपातळीत, आणि दोन्ही टोकं चढाच्या दिशेने वळवलेली. टोकं सरळ सोडली की गाळ कडेने निसटतो. गाळ कापडाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की काढून टाकायचा. गवताच्या गाठी लावायच्या तर पेंढ्याच्या लावा, चाऱ्याच्या नकोत, कारण चाऱ्यात तणाचं बी असतं आणि ते थेट दलदलीत उतरतं.

पाणथळ जागा भरावीच लागली तर 5,000 चौरस फुटांपर्यंत, कमिशनच्या विवेकावर, परवानगी मिळू शकते. बदल्यात किमान तेवढीच नवी दलदल तयार करायची, आणि दोन हंगामांत तिचा 75 टक्के भाग स्थानिक पाणथळ वनस्पतींनी झाकलेला हवा. हे कागदावर सोपं आहे. जमीन सहा इंच उंच राहिली की भूजल मुळांना पोचत नाही, लावलेल्या सेज, म्हणजे पाणथळीतल्या गवतासारख्या वनस्पती, सुकतात आणि तिथे गोल्डनरॉड या रानफुलाचं रान माजतं. माझं स्पष्ट मत आहे, असलेली दलदल वाचवणं हाच खरा मार्ग. बनवलेली दलदल तिच्या जवळपासही जात नाही.

व्हर्नल पूल हा या सगळ्यातला सर्वात नाजूक प्रकार. बर्फ वितळल्यावर साचणारं आणि उन्हाळ्यात आटणारं डबकं. आटतं म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच वुड फ्रॉग हा बेडूक आणि स्पॉटेड सॅलमँडर हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर तिथे अंडी घालतात. मार्च-एप्रिलच्या पहिल्या उबदार पावसाळी रात्री ते रस्ते ओलांडून येतात. अंड्यांचे 5 पुंजके मिळाले तर राज्याकडे नोंदणीसाठी पुरावा म्हणून चालतात. दोघांचे पुंजके ओळखायला सोपे आहेत. सॅलमँडरच्या पुंजक्याभोवती घट्ट जेलीचं जाड आवरण असतं आणि ते बुडालेल्या फांदीला चिकटलेले असतात. बेडकाच्या पुंजक्याला असं बाहेरचं आवरण नसतं, आणि ते पृष्ठभागाजवळ एकमेकांना खेटून, गठ्ठ्याने असतात. तारखेसह फोटो आणि नकाशावर नेमकी जागा हवी. अंडी बाहेर काढायची नाहीत. ऑगस्टमध्ये हे डबकं म्हणजे पाचोळ्याचा काळा खड्डा दिसतो, त्यामुळे नोंदणी झाली नसेल तर कोणाचाही बुलडोझर निवांत वरून जातो.

आपल्या उपवासाच्या फराळातला शिंगाडाही इथे कमिशनच्या यादीत आहे, तण म्हणून. ट्रापा नॅटन्स ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात केंब्रिजमधून पसरली आणि आज चार्ल्स, सडबरी, कॉन्कर्ड या नद्यांवर तिची पानं गालिचासारखी पसरतात. पानांखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालत नाही. ही वनस्पती वर्षायू आहे, तेव्हा फळ पडण्याआधी उपटली की त्या झाडाचा वंश तिथेच थांबतो. म्हणून उपटणी जून-जुलैमध्ये. ऑगस्ट उलटला की काळी, चार काट्यांची फळं तळाशी जातात आणि 12 वर्षांपर्यंत रुजू शकतात. मग एका उन्हाळ्यातलं काम बारा उन्हाळे पुरतं.

पद्धत अशी: कनूतून वाकून पानांचा झुबका धरायचा, देठाखाली हात सरकवत हळू ओढायचं म्हणजे मूळही येतं. झटका दिला की देठ तुटतो आणि खालचा भाग पुन्हा फुटतो. ढीग पाण्यापासून दूर, कोरड्या जागी टाकायचा. हातमोजे आणि जाड तळाचे बूट हवेतच, काटा पातळ तळव्यातून आरपार जातो. आणि कितीही ओळखीची दिसली तरी ही फळं खायला घरी आणू नका. शहरी नद्यांच्या तळाचा गाळ स्वच्छ असतोच असं नाही, आणि वाटेत सांडलेलं एक फळ नव्या तळ्याला पुरेसं असतं.

या कमिशनांवर जागा अनेकदा रिकाम्या असतात. जीवशास्त्राची पदवी लागत नाही. नकाशा वाचता येणारे, हिशोबाला पक्के आणि चिखलात उतरायला तयार असे लोक हवे असतात. मॅसॅच्युसेट्स असोसिएशन ऑफ कॉन्झर्वेशन कमिशन्स नव्या सदस्यांना प्रशिक्षण देते. एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. बैठकीची सूचना 48 तास आधी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून, लागलेली हवी, आणि निर्णयाची चर्चा फक्त त्या जाहीर बैठकीतच. जागा बघायला सगळे एकत्र गेले तरी तिथे मत मांडायचं नाही, ईमेलवर तर नाहीच. मतदानाचा हक्क लगेच नको असेल तर अनेक गावं सहयोगी सदस्य घेतात. अर्ज टाऊन हॉलमध्ये, सिलेक्ट बोर्डाच्या, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाच्या, कचेरीत मिळतो.