किनाबाटांगन लॉग: फेरी ७ ते ९

मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं ना, बोटीच्या सहा फेऱ्या झाल्या तरी धनेशाच्या तीनच जाती पदरात पडल्यात म्हणून, तर आता आकडा पाचवर गेलाय. इथे, म्हणजे बोर्नियो बेटावरच्या मलेशियाच्या सबा राज्यात, किनाबाटांगन नदीकाठी एकूण आठ आहेत, म्हणजे तीन बाकी, त्यातला हेल्मेटेड धनेश दिसला तर नशीबच म्हणायचं.

फरक एकच केला. आधी मी बोटवाल्याच्या मागे लागायचो, तिकडे चला, आता तिकडे, जणू ५६० किमीची नदी एका सकाळीच उरकायची आहे! यावेळी सुकाऊ गावाजवळ मेनांगुल नावाच्या छोट्या उपनदीत शिरलो की मोठं इंजिन बंद, इलेक्ट्रिक मोटर चालू आणि बऱ्याचदा तीही बंद, बोट आपली प्रवाहाबरोबर सरकतेय. गेंडा-धनेश मग आधी कानाला कळतो, पंखांचा असा जोरात फस्स-फस्स आवाज येतो की मान आपोआप वर जाते, आणि पहिल्यांदाच कॅमेरा वेळेत उचलला गेला. फोटो हललाय, पण चोचीवरचं शिंग ओळखू येतं, चालवून घेतलंय.

मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड) घरी ठेवा बरं का. बोटीच्या तळाला टेकवला की इंजिनाची सगळी थरथर लेन्समध्ये, त्यापेक्षा कोपरं गुडघ्यावर टेकवून, शटर १/१००० च्या खाली न नेता, आयएसओ गेला ३२०० वर तर जाऊ दे. आणि फेरी ७ ची पहिली वीस मिनिटं मी एसीच्या खोलीतून थेट बाहेर आल्यामुळे नुसती वाफ धरलेली लेन्स पुसत बसलो होतो, आता बॅग तासभर आधीच बाहेर ठेवतो.

फेरी ८ संध्याकाळची. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं झोपायला काठावरच्या झाडांवर येतात, त्यामुळे हीच वेळ. पात्र अरुंद होतं तिथे कळप एकेक करून पलीकडे उड्या मारत होता (रुंद पाण्यात मगरी असतात), शेवटी राहिली एक मादी, पोटाला निळसर तोंडाचं पिल्लू चिकटलेलं. तीनदा फांदी हलवली, तीनदा थांबली, आणि मी कॅमेरा खाली घेतला तेव्हाच बाईंनी उडी मारली. पलीकडच्या पानांत धाडकन आपटली, पिल्लू जागच्या जागी.

इथे एवढं सहज दिसतं याचं कारण मात्र फार आनंदाचं नाही. काठाला जंगलाची पट्टी, मागे तेलपामचे मळे, जनावरं जाणार कुठे? २००५ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य सुमारे २६ हजार हेक्टरचं, तेही तुकड्या-तुकड्यांत.

फेरी ९ मध्ये पिग्मी हत्ती (बोर्नियोतले बुटके हत्ती) नाहीच. काठावरच्या चिखलात ठसे होते, इतके ताजे की त्यात अजून पाणी झिरपत होतं. बोटवाला म्हणाला, रात्रीच गेले. आता पुढची फेरी पहाटे पाचला.