त्याने हेडफोन दिले तेव्हा मी खूश झालो होतो

आधी कबुली देऊन टाकतो. मित्राने त्याचे आवडते हेडफोन, ज्यांना तो कुणाला हातसुद्धा लावू देत नसे, ते एक दिवस सहज माझ्यापुढे धरले आणि म्हणाला घे, मला आता नकोयत. मी म्हटलं भारीच की. बास. नकोयत म्हणजे काय, का नकोयत, काही विचारलं नाही.

तोपर्यंतचं सगळं डोळ्यासमोर होतं खरं तर. नोकरी गेलेली, पाठोपाठ नातं तुटलेलं, रात्री तीन-चारला ऑनलाइन दिसायचा, ग्रुपवर एकदम गप्प, कुणी काही टाकलं तर नुसता अंगठा. आणि दोनदा तरी म्हणाला होता की मी नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं, दुसऱ्यांदा नाटकं करू नको म्हटलं. आपल्या डोक्यात ते गरजेल तो पडेल काय बसलेलं असतं ना, की जो बोलतो तो करत नाही. इथे ती म्हण साफ चुकते. आत्महत्येचा विचार करणारी बरीच माणसं आधी कुठे ना कुठे बोललेली असतात, फक्त सरळ शब्दांत नाही, ओझं झालोय, थकलोय, आता बास झालं, असं काहीतरी.

मग एका आठवड्यात तो अचानक शांत झाला. हसतोय, जुनी उधारी फेडतोय, वर्षानुवर्षं न बोललेल्या लोकांना फोन करतोय. मला वाटलं सुटला गडी यातून! ताईला फोनवर हे आनंदाने सांगत होतो (ती समुपदेशक आहे) आणि ती मध्येच थांबवून म्हणाली, तू त्याला सरळ विचारलंयस का? खूप दिवस खचलेला माणूस काही कारण नसताना एकदम निवांत झाला आणि त्यात वस्तू वाटायला लागला तर कधीकधी त्याचा निर्णय झालेला असतो, म्हणून तो शांत असतो. नेहमीच तसं असतं असं नाही, एकेकटं कुठलंच लक्षण पुरावा नसतो, पण माणूस त्याच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा वेगळा वागतोय आणि अशा चार गोष्टी एकत्र दिसतायत म्हटल्यावर अंदाज बांधत बसायचं नाही.

मी म्हटलं, विचारून उलट त्याच्या डोक्यात नसलेलं घातलं तर? ती म्हणाली, डोक्यात नसेल तर तो तुलाच वेड्यात काढेल, असेल तर त्याचा जीव हलका होईल. यावर अभ्यासही झालेत, विचारल्याने असे विचार वाढतात असं त्यात दिसलेलं नाही. पण कसं विचारायचं हे तिने जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. आपण विचारतो, "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" त्या शेवटच्या "ना"ने आपण समोरच्याला उत्तर देऊन टाकतो. तो बिचारा नाही म्हणतो आणि आपण सुटतो.

त्याच संध्याकाळी त्याच्या जिन्यात पायरीवर बसलो होतो. मी विचारलं, "तू आत्महत्येचा विचार करतोयस का?" तोंडातून शब्द बाहेर पडताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. तो हातातल्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत राहिला, पूर्ण सोलून झालं, त्याची गोळी करून झाली, मग हो म्हणाला.

तेव्हा बोलायची इतकी घाई होते काय सांगू. आयुष्य किती सुंदर आहे, आईवडिलांचा विचार कर, सगळं सगळं ओठावर येतं. हे गिळायचं. आईवडिलांचा विचार त्याने हजारदा केलेला असतो, आपण फक्त अपराधीपणा वाढवतो. मी नुसतं म्हटलं की सांग. तो दीड तास बोलला. मग ताईने सांगितलेला दुसरा प्रश्न, कसं आणि कधी हे ठरवलंयस का, त्यासाठी काही आणून ठेवलंयस का? उत्तर जितकं पक्कं तितका धोका जवळ आणि मग त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. त्याचं ठरलेलं होतं. रात्रभर मी तिथेच थांबलो, त्याच्या भावाला बोलावून ती वस्तू घराबाहेर काढली, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन लावला (भारतात चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलतात) आणि सकाळी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. अगदी गळ्याशी आलं असेल तर सरळ 112.

कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ त्याने घातली होती, ती मी मोडली. महिनाभर बोलला नाही माझ्याशी. चालतंय.

वस्तू लांब करून काय होणार, ठरवलेला माणूस दुसरा मार्ग शोधेलच, असं मलाही वाटायचं. पण रिचर्ड सीडन या अमेरिकन संशोधकाने ऐनवेळी अडवल्या गेलेल्या 515 लोकांचं पुढे काय झालं ते शोधलं होतं, 1978 मध्ये ते छापून आलं, सुमारे 94 टक्के लोक एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक कारणाने गेलेले. मरायच्या इच्छेची ती लाट ओसरते, तोवर माणूस आणि साधन यात अंतर पाहिजे.

आणि पुढचं कुणी सांगत नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे आठवडे फार नाजूक असतात आणि नेमके तेव्हाच सगळे आपापल्या कामाला लागतात. जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या पेशंट्सपैकी काहींना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, दोन ओळींची, आठवण आहे एवढंच, उत्तराची अपेक्षा नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. दोन ओळींनी! म्हणून मी दर रविवारी त्याला काहीतरी फालतू पाठवतो, रिप्लाय आला तर आला.

गेल्या महिन्यात त्याने हेडफोन परत मागितले. एका बाजूने आवाज येत नाही, माझ्या हातून पडले होते. अर्धा तास भांडला त्यावरून.