आमची वाटचाल : सडा, कातळशिल्पं आणि पाहुणे

आमचा धंदा सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचा. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतली कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, नीट दाखवायची, पाहुण्यांना वाडीतल्या घरांत उतरवायचं, तिथलंच जेवण द्यायचं आणि जाताना सडा होता तसा ठेवायचा. हॉटेल नाही, बस नाही, ऑफिस म्हणजे एका घराची पडवी. तरीही हा धंदा उभा आहे, आणि कोणाच्या मेहेरबानीवर नाही.

२०२२ मध्ये ‘कोकणातील कातळशिल्पे’ युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसायमाळ गोव्यातलं. यादी आली आणि सड्याचा रस्ता सगळ्यांना सापडला. त्याआधी सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं उन्हात सडे तुडवत, गुराख्यांना विचारत एकेक चित्र शोधत होती, तेव्हा पर्यटनवाल्यांपैकी कोणी फिरकत नव्हतं. आम्ही फिरकत होतो. हे लिहून ठेवणं गरजेचं वाटतं, कारण आता छापल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत सुरुवात २०२२ पासूनच होते.

आमचे पहिले भागीदार तात्या. पूर्वी चिरेखाणीवर मुकादम. पुरातत्त्व शिकलेले नाहीत, पण जांभा त्यांच्याइतका ओळखणारा माणूस आम्हाला दुसरा भेटलेला नाही. पहारीचं बूड कातळावर आपटून ते सांगतात, ‘इथं भरीव आहे, तिथं पोकळ.’ खणखणीत आवाज आला तर खाली सलग दगड. डबडबीत आला तर वर कवच आणि खाली पोकळी. पोकळ जागेवर आम्ही गट थांबवत नाही. माणूस आत जाईल ही भीती कमी, पण कवच कडेने खचलं की चित्राची रेष तुटते आणि ती पुन्हा जोडता येत नाही.

जांभा ताजा कापला की मऊ असतो आणि उघड्यावर राहून कठीण होतो, म्हणून तर घराला चिरे चालतात. सड्याच्या वरच्या थरात लोह जास्त, म्हणून तो सगळ्यात टणक. चित्रं याच थरात कोरली आहेत आणि म्हणूनच टिकली आहेत. मात्र रेषेची कड या कवचाचीच असते. तिच्यावरून एकदा जीपचं चाक गेलं की दगडाची कणी सुटते, पुढच्या पावसात तिथं माती धरते, मातीत गवत रुजतं, गवताची मुळं आणखी कणी सोडवतात. दोन-चार पावसाळ्यांत रेषेचा खळगा होतो. सड्यावर चपलांनी चालून फारसं बिघडत नाही, चाकांनी बिघडतं. त्याहून मोठी हानी आंब्याच्या कलमांच्या खड्ड्यांसाठी लावलेल्या सुरुंगांनी आणि खाणींनी केली आहे, ते वेगळं.

साफसफाईबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथंच बहुतेक जण घोळ घालतात. पावसाळा संपल्या संपल्या सड्यावर शेवाळ असतं. त्याला तेव्हा हात लावायचा नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ते वाळून भुकटी होतं, मग खराट्याने निघतं. ओलं असताना तारेच्या ब्रशने घासलं तर शेवाळाबरोबर दगडाची साल निघते. गवत उपटायचं नाही, कोयत्याने बुडाशी कापायचं. उपटलं तर मुळाबरोबर ढपली येते. खराटा चित्राच्या मधून बाहेरच्या बाजूला मारायचा. रेषेत साचलेली सैल माती बांबूच्या कामटीने सोडवून नायलॉनच्या कुंचल्याने काढायची. लोखंडी खुरपं, फावडं, घमेल्याची कड रेषेला लागू द्यायची नाही. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. वरच्या अंगाला टाकली तर पहिल्या पावसात तीच परत रेषेत येते. हे सगळं आधीच उघड्या असलेल्या आणि जिथं परवानगी आहे अशाच चित्रांबाबत. मातीखाली नवीन रेष दिसली तर खोदायचं नाही. जागेचा फोटो काढून जाणकारांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं. त्या मातीतूनही पुढे काही कळू शकतं, ती आपण फेकून दिली की गेली.

चित्र दिसतं ते उजेडामुळे. भर दुपारी कशेळीच्या हत्तीपुढे उभं राहिलं तरी पुष्कळांना हत्ती दिसत नाही. साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आकृती, तिच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, आणि माणूस विचारतो, ‘कुठं आहे?’ सूर्य डोक्यावर असला की रेषेत सावली पडत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर जायचं, सूर्य आणि आपण यांच्यामध्ये चित्र येईल असं उभं राहायचं. ढगाळ दिवस असेल तर सावलीला छत्री आणि एक चांगला टॉर्च: टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा, वरून मारायचा नाही. यासाठी चुना, खडू, रांगोळी, तेल, रंग, पाणी यांपैकी काहीही लागत नाही. चुन्याने रेष भरली की फोटो झकास येतो, पण जांभा सच्छिद्र असल्याने चुना आत मुरतो. आणि भरणाऱ्याला जिथं रेष वाटली तिथंच पुढच्या प्रत्येकाला ती दिसते, मग मूळ चित्र काय होतं याचा वाद कायमचा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. कोकणातल्या राहण्या-जेवणाच्या धंद्याचं वर्ष एप्रिल-मेवर चालतं. ते दोन महिने गेले आणि मागोमाग दिवाळीही बेताचीच गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. आमच्या घरांपैकी बऱ्याच घरांची कौलं उडाली, कलमं आडवी झाली. ज्या घरांत पाहुणे उतरतात त्यांनाच डोक्यावर ताडपत्री घालून पावसाळा काढावा लागला. त्या वर्षी पुण्याच्या एका निवृत्त भूगोल शिक्षिकेने, ज्या दर हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन येत, पुढच्या दोन सहलींचे पूर्ण पैसे आगाऊ पाठवले. बाई म्हणाल्या, ‘सहल होईल तेव्हा होईल, कौलं आधी घाला.’ त्या पैशांतून मंगलोरी कौलं आणि वासे आले. बाईंसाठी आम्ही आजही दर वाढवलेले नाहीत.

लोक परत फिरू लागले तेव्हा शहरातली एक मोठी कंपनी आमच्या भागात उतरली. नाव घेत नाही. त्यांनी आमच्याकडे तयार झालेले दोन वाटाडे महिन्याच्या पगारावर घेतले. मुलांचा दोष नाही, आमच्याकडे तेव्हा काम नव्हतं. पण त्या मुलांबरोबर आमचे रस्ते, आमच्या थांबण्याच्या जागा आणि आमचं वेळापत्रक गेलं, आणि त्यातला सकाळ-संध्याकाळचा नियम तेवढा गाळला गेला. एका दिवसात पाच जागा, चाळीस माणसांची बस, भर बारा वाजता. बारा वाजता काही दिसत नाही म्हणून खडूची पूड. दर आमच्या निम्म्यावर, कारण जमीनमालकाला काही द्यायचं नव्हतं आणि जेवण महामार्गावरच्या हॉटेलात होतं. वाडीला मिळाला तो प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग.

एका सड्यावर त्यांची गाडी थेट आकृतीच्या कडेपर्यंत गेली. मालकाच्या घरात अकरा हिस्सेदार, निम्मे मुंबईला. त्यांच्यापर्यंत फोटो पोचले आणि सातबाऱ्यावरच्या सगळ्यांनी मिळून निर्णय घेतला: सडा बंद. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, काटेरी जाळी घातली. त्यांच्या दृष्टीने पर्यटनवाले म्हणजे पर्यटनवाले, त्यात आम्हीही आलो. आमची सगळ्यात महत्त्वाची जागा ऐन हंगामात गेली, आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले, दोन घरांनी खोल्या बंद करून आंब्याच्या पेट्या ठेवायला सुरुवात केली. कर्जाचा हप्ता थकला. त्या कंपनीला फरक पडला नाही. त्यांनी दुसरा सडा धरला. त्यांच्या जाहिरातीत आमच्या वाटेचा फोटो आजही आहे. त्यांना पुढे एक पुरस्कारही मिळाला, शाश्वत पर्यटनाचा.

सडा पुन्हा उघडला तो तात्यांमुळे. ते हिस्सेदारांकडे एकेक करून गेले, मुंबईत लालबाग-परळलाही गेले. पैशांचं बोलणं त्यांनी शेवटी ठेवलं. आधी पाण्याचं बोलले, आणि ते पटलं. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतो आणि सड्याच्या कडेला झऱ्यांनी बाहेर येतो. त्या झऱ्यांवर वाड्या वसल्या, पाट निघाले, सुपारीच्या बागा झाल्या. सडा खाणीला दिला की खालच्या विहिरीचं पाणी आधी गढूळ होतं आणि मग मार्चपर्यंतच पुरतं. चित्रं राखली तर सडा राहतो, सडा राहिला तर विहीर राहते. खाणवाला एकदाच पैसे देईल, पाहुणा दर हंगामाला देईल. हिस्सेदारांनी विचार केला आणि आमच्याशी लेखी करार केला.

कराराच्या अटी इथे देतो. कोणाला उपयोगी पडल्या तर घ्याव्यात. एका वाटाड्यामागे बारा माणसं, दिवसात एका जागी दोनच गट. गाडी शेवटच्या गडग्यापाशी थांबणार. मालकाचा हिस्सा गट वर जाण्याआधी रोख किंवा खात्यात. देवीच्या उत्सवात आणि शिमग्यात पालखी फिरते तेव्हा सहली बंद. गावाने बोलावलं तर पाहुणे म्हणून जायचं, कॅमेरे घेऊन पुढे घुसायचं नाही. शंभर रुपयांतले साठ ज्या घरात पाहुणा उतरला त्या घराला, पंधरा वाटाड्याला, दहा मालकाला, पाच साफसफाई आणि गडग्याच्या डागडुजीला, उरलेले दहा आम्हाला. एवढ्यात भागतं का असं विचारणारे भेटतात. गट भरलेले असले तर भागतं.

कुंपणाबद्दल एक सांगायला हवं. उक्षीच्या हत्तीभोवती जांभ्याची गोल भिंत आहे आणि वरून बघता येतं, त्यामुळे कोणाला चित्रावर चढावं लागत नाही. ती पाहून बऱ्याच गावांना भिंत हवीशी वाटते. बांधा, पण उताराकडे पाणी जायला मोऱ्या ठेवा आणि पाया चित्रापासून लांब खणा. मोरी नसेल तर पावसाळाभर आत तळं साचतं, गाळ बसतो आणि भिंतीने चित्र वाचण्याऐवजी बुडतं.

पाण्याचा हिशेब घरांतही पाळावा लागतो. एप्रिलनंतर आमच्या बऱ्याच वाड्यांत विहिरी तळाला जातात. तेव्हा पाहुण्याला अंघोळीला दोन बादल्या, शॉवर नाही, आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. आल्यावर सांगितलं तर भांडण होतं. मे महिन्यात आम्ही निम्म्याच खोल्या देतो. टँकर मागवून खोल्या भरणारे आहेत. त्यांच्या शेजारणीला हंड्यासाठी रांग लावावी लागते आणि पुढच्या वर्षी ती पाहुण्यांकडे बघून हसत नाही.

जेवण घरात जे शिजतं तेच. सकाळी घावन आणि नारळाची चटणी, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी. बाहेरून पनीर आणायचं नाही असं आम्ही घरांना सांगतो. ताई सुरुवातीला लाजतात, ‘पाहुण्यांना पिठी कशी वाढायची?’ म्हणतात. वाढावी. आमच्या अभिप्रायाच्या वहीत सगळ्यात जास्त पिठीचंच कौतुक आहे. घरांची निवास-न्याहारी योजनेत नोंदणी आणि अन्न परवाना मात्र आधी करून घ्यावा, तक्रार आली की तेच बघतात.

पावसाळ्यात चित्रं पाण्याखाली आणि सडा निसरडा, म्हणून जूनमध्ये चित्रांच्या सहली थांबतात. तेव्हा आम्ही फुलांना जातो, तेही सहाच्या गटाने. पहिल्या पावसानंतर दीपकाडी येते. कोकणच्या सड्यांशिवाय ती क्वचितच कुठे दिसते, पांढरी, कांद्यातून उगवणारी. ऑगस्टच्या पुढे सीतेची आसवं आणि गेंद. फुलांत बसून फोटो काढायचा नाही, वाट सोडायची नाही, कांदे उकरणाऱ्याला त्याच जागेवरून परत पाठवायचं. आम्ही पाठवलं आहे, पैसे परत देऊन.

कशेळीला जाणाऱ्यांनी सकाळचा हत्ती झाल्यावर कनकादित्याचं देऊळ बघावं. रत्नागिरीहून पावस-पूर्णगडमार्गे आलात तर वाटेत खाड्याही दिसतात. देवाच्या गोठण्याला जाताना होकायंत्र न्यावं. तिथल्या मानवाकृतीजवळ सुई भरकटते. मोबाईलमधलं चालेल, पण सुईचं असेल तर जास्त चांगलं. देवीहसोळला आर्यादुर्गेचं दर्शन आधी, चौकोनी कातळशिल्प नंतर, हा गावाचा क्रम आहे आणि आम्ही तो मोडत नाही.

नवीन हंगामाच्या तारखा दसऱ्यानंतर, शेवाळ वाळलं की ठरतात. त्याआधी फोन करून तारीख पक्की मागू नये. जाळी काढलेल्या त्या सड्यावर या वर्षीही दिवसाला दोनच गट जातील, आणि त्यातला सकाळचा एक पुण्याच्या बाईंच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवला आहे.